इंटरनेटच्या संचालक मंडळावर आपला माणूस कोण?

प्रश्न : आमचं श्रीरामपुरात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेल्वेची तिकिटं, सगळं इंटरनेटवर चालतं. आम्ही नगरपालिकेला मत देतो, विधानसभेला देतो, कारखान्याला देतो. पण ज्या इंटरनेटवर आमचं पोट चालतं, त्याचे नियम कुठं ठरतात? तिथं आमच्यासारख्या साध्या वापरणाऱ्याच्या वतीनं कुणी बसतं का? आणि बसत असेल, तर त्याला निवडलं कुणी?
(एक वाचक, श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : बसतं. पण कारखान्याचा संचालक तुम्ही जसा निवडता, तसं आज त्याला तुम्ही निवडत नाही. जगभरच्या साध्या वापरणाऱ्यांना इंटरनेटच्या कारभारासाठी थेट मत देण्याचा हक्क एकदाच मिळाला होता, २००० साली. तो पुढं काढून घेतला गेला. ती हकिगत सांगतोच, कारण तिच्याशिवाय आजची व्यवस्था कळत नाही.

आधी कारभार कुठं चालतो ते पाहू. इंटरनेटला एक मालक नाही आणि एक मुख्य कचेरीही नाही. तुमच्या मोबाइलच्या डेटाचे दर आणि कंपन्यांनी पाळायचे नियम यांवर दिल्लीतल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, देखरेख असते. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे आयईटीएफ नावाची अभियंत्यांची जागतिक मंडळी ठरवते. तिथं सभासदत्व नाही, मतदानही नाही. कुणीही आपलं नाव सांगून चर्चेत उतरावं, आणि बहुतेकांचं समाधान झालंय असं दिसलं की निर्णय होतो. नावांचा कारभार मात्र आयकॅन या संस्थेकडे आहे. १९९८ साली कॅलिफोर्नियात ती नफा न कमावणारी संस्था म्हणून नोंदली गेली.

नावं म्हणजे काय? तुमच्या दुकानात कुणी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाइप करतं, त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन असं काही असतं. हे शेवटचे तुकडे कुणाच्या ताब्यात आहेत, याची साऱ्या जगासाठी एकच मूळ यादी आहे. त्या यादीत काय घालायचं, नवा तुकडा कुणाला द्यायचा, त्याच्या बदल्यात काय अटी लावायच्या, हे आयकॅनमध्ये ठरतं. तिचा खर्चही मुख्यतः या नावांवरच चालतो. कुणी डॉट कॉमचं नाव घेतलं की त्या पैशातले वर्षाला १८ सेंट आयकॅनकडे जात. जुलै २०२५ पासून ते २० सेंट झाले. रक्कम सतरा-अठरा रुपयांच्या घरात जाते, आणि ती शेवटी नाव घेणाऱ्याच्याच खिशातून येते. वर्गणी भरणाऱ्यानं कारभारात काय स्थान आहे असं विचारणं अगदी रास्त आहे.

आता २००० सालची गोष्ट. आयकॅन स्थापन झाली तेव्हा वचन असं होतं की संचालक मंडळातल्या काही जागा इंटरनेट वापरणाऱ्यांनी भरायच्या. त्याप्रमाणे जगाचे पाच विभाग पाडले गेले. वय किमान १६ असावं, ईमेल असावा आणि टपालाचा पत्ता द्यावा, एवढ्याच अटी. नाव नोंदवलं की गुप्त क्रमांक टपालानं घरी यायचा, आणि तो टाकून नोंदणी पक्की करायची. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. त्यातल्या ७६ हजारांच्या आसपास लोकांनी ती पक्की केली. ऑक्टोबर २००० मध्ये प्रत्यक्ष मत दिलं ३४,०३५ जणांनी.

त्या वेळी आपल्याकडे काय होतं? विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांनाही फोनच्या तारेवरून जोडणी लागेपर्यंत वाट पाहावी लागे. आशिया विभागातून जपानचे मासानोबु कातो निवडून आले. ते फुजित्सु कंपनीतले. युरोपातून आंदी म्युलर-मागून आला, जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणक जाणकारांच्या मंडळातला तरुण. आफ्रिकेतून घानाचे नी क्वेनोर, दक्षिण अमेरिकेतून ब्राझीलचे इव्हान मौरा कांपुस, आणि उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑअरबाख. १९ जणांच्या मंडळात हे पाच जण लोकांनी पाठवलेले.

ऑअरबाख यांचं पुढं काय झालं, ते सहकारात मुरलेल्या श्रीरामपूरकराला लगेच समजेल. निवडून आल्यावर त्यांनी संस्थेचे हिशेब आणि दप्तर पाहायला मागितलं. आयकॅननं अटी घातल्या. त्या मान्य करायला त्यांनी नकार दिला आणि ते कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. २००२ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. संचालकाला दप्तर पाहण्याचा हक्क आहे, असं न्यायालयानं मान्य केलं. दप्तर पाहायला संचालकालाच कोर्टात जावं लागणं ही कोणत्याही संस्थेसाठी शोभेची गोष्ट नाही, आणि माझ्या मते ऑअरबाख यांनी एकट्यानं जे केलं ते त्या पाच जागांचं सर्वांत मोठं काम होतं.

पण त्याच वर्षी त्या जागाच बंद करायचं ठरलं. आयकॅनचे तेव्हाचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी संस्थेची घडी बदलण्याचा प्रस्ताव मांडला, आणि थेट निवडणूक बंद झाली. कारणं दिली गेली ती पोकळ नव्हती. साऱ्या जगासाठी ३४ हजार मतं म्हणजे फारच थोडी. मतदार खरा कोण, हे पडताळणं अवघड. एखादी मोठी कंपनी किंवा एखादा देश ठरवून नोंदणी करून घेईल, तर निकाल फिरवेल. हे सगळं खरं मानलं तरी उपाय मतदान सुधारण्याचा असू शकला असता. तो न करता मतदानच रद्द केलं गेलं, हे मला आजही पटत नाही.

त्याच्या जागी जी रचना आली, ती समजायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. गावातला शेतकरी विविध कार्यकारी सोसायटीचा सभासद असतो. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत तो स्वतः मत देत नाही. सोसायटी ठराव करून एकाचं नाव देते, आणि तो ठराव घेतलेला माणूस तालुक्यातून मत देतो. इंटरनेटचंही आता असंच आहे. वापरणाऱ्यांच्या स्थानिक संघटना, मग ते संगणक क्लब असोत, ग्राहक मंडळं असोत किंवा भाषेसाठी काम करणारे गट असोत, आयकॅनकडे नोंदवल्या जातात. त्यांची मिळून विभागाची संघटना बनते. असे पाच विभाग. लॅटिन अमेरिकेची संघटना २००६ च्या शेवटी बनली, बाकीच्या २००७ मध्ये. आपण आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांच्या विभागात, त्याला अपरालो म्हणतात. केरळचे सतीश बाबू काही वर्षं त्याचे अध्यक्ष होते, म्हणजे आपल्या देशातला माणूस त्या खुर्चीवर बसलेला आहे. प्रत्येक विभागसंघटना दोन जण निवडते, आणखी पाच जण नामनिर्देशन समिती देते. या १५ जणांची ॲट-लार्ज सल्लागार समिती होते. तुमच्या प्रश्नातलं 'आमच्या वतीनं बसणारं' म्हणजे ही समिती. साध्या वापरणाऱ्याच्या हिताच्या दृष्टीनं आयकॅनच्या कामावर सल्ला देणं, हे तिचं काम म्हणून आयकॅनच्या पोटनियमांतच लिहिलेलं आहे.

संचालक मंडळात मात्र वापरणाऱ्यांना बरीच वर्षं मतच नव्हतं. समितीचा एक माणूस बैठकीला बसायचा, बोलायचा, मत द्यायचा नाही. २०१० साली एक मतदानाची जागा मिळाली आणि फ्रान्सचे सेबास्तियँ बाशोले तिच्यावर पहिले बसले. आजच्या मंडळात मत देणारे १६ जण आहेत. त्यात नावं विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या गटाचे दोन, देशांच्या नावांचा कारभार पाहणाऱ्यांचे दोन, आकडी पत्त्यांचा कारभार पाहणाऱ्यांचे दोन, आणि वापरणाऱ्यांचा एक. नामनिर्देशन समिती आठ जण नेमते, तिच्यात ॲट-लार्जचे पाच जण असतात, तेव्हा आडवळणानं थोडा आणखी शिरकाव आहे. तरी थेट म्हणाल तर १६ मध्ये एक. २००० साली १९ मध्ये पाच होते.

जमेच्या बाजूलाही एक मोठी नोंद आहे. १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत नावांच्या मूळ यादीवर अमेरिकी सरकारच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती. त्या दिवशी ती संपली. मग आयकॅनवर लगाम कुणाचा? त्यासाठी पाच गटांना मिळून अधिकार दिले गेले: अंदाजपत्रक नाकारणं, पोटनियमांतला बदल अडवणं, संचालकाला काढून टाकणं. सरकारांचा गट त्या पाचांत आहे, आणि ॲट-लार्ज सल्लागार समितीही त्या पाचांत आहे. या बदलानंतरची पहिली बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या शेजारी, हैदराबादला झाली. बैठक चालू असतानाच ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि परदेशी पाहुण्यांचीही पैशांसाठी धावपळ झाली. त्याच शहरात डिसेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इंटरनेट कारभारावरचा मंचही भरला होता, मुंबईवरच्या हल्ल्याला आठवडा उलटतो न उलटतो तोच. तो मंच चर्चेचा, निर्णयाचा नव्हे. पण तिथं सरकार, कंपनी आणि साधा माणूस एका टेबलाला बसतात, आणि अनेक विषय आधी तिथंच कानावर पडतात.

आता खरा प्रश्न. या बसण्याचा उपयोग होतो का?

दोन्ही तऱ्हेचे दाखले आहेत, आणि दोन्ही डॉट ऑर्गचे. डॉट ऑर्ग म्हणजे मुख्यतः सेवाभावी संस्थांची नावं. महाराष्ट्रातल्याही कितीतरी संस्था, विश्वस्त मंडळं, वाचनालयं त्यावर आहेत. या नावांच्या दरवाढीला कमाल मर्यादा होती. २०१९ मध्ये ती काढायचं ठरलं तेव्हा आयकॅननं सूचना मागवल्या. तीन हजारांहून जास्त लोकांनी लिहिलं, बहुतेक सगळ्यांनी विरोधच केला. तरीही मर्यादा काढली गेली. लोकांनी दार ठोठावलं, ऐकू गेलं, दार उघडलं नाही. काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, डॉट ऑर्गचा कारभार पाहणारी संस्थाच एका खासगी गुंतवणूक कंपनीला १ अब्ज १३ कोटी डॉलरहून जास्त रकमेला विकण्याचा करार जाहीर झाला. या वेळी सेवाभावी संस्था गप्प बसल्या नाहीत. लिहिलं, बैठकांच्या बाहेर उभं राहून निषेध केला, शिवाय कॅलिफोर्निया राज्याच्या महाधिवक्त्यांनीही पत्र घालून आक्षेप घेतला. ३० एप्रिल २०२० ला आयकॅननं विक्रीला संमती नाकारली.

पहिल्या वेळी संख्या होती, दुसऱ्या वेळी संख्येबरोबर नेमका मुद्दा होता. विकत घेणारी कंपनी कर्ज काढून घेणार, कर्ज फेडायला दर वाढवणार आणि त्याची जबाबदारी कुणावर राहणार नाही, असा तो मुद्दा. संख्येनं भागत नाही, मुद्दा नेमका लागतो, हे मला या सगळ्या इतिहासातलं मुख्य सूत्र वाटतं.

त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशात, आणि थोडा आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर फेसबुकनं एक योजना आणली. आधी तिचं नाव इंटरनेट डॉट ऑर्ग होतं, मग फ्री बेसिक्स झालं. डेटाचे पैसे न देता काही निवडक संकेतस्थळं पाहता येतील, बाकीचं इंटरनेट पैसे देऊन. सुरुवात ज्या मोजक्या राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र होता, आणि भाषांत मराठीही होती. याच्या पाठोपाठ मार्च २०१५ मध्ये ट्रायनं ११८ पानांचा एक कागद प्रसिद्ध केला आणि लोकांना २० प्रश्न विचारले. व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर बंधनं असावीत का, कंपन्यांनी काही संकेतस्थळांना झुकतं माप द्यावं का, असे.

११८ पानं कोण वाचणार? इथं काही तरुण मंडळींनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. पत्रकार, वकील, संगणक जाणकार एकत्र आले. निखिल पहवा हे त्यांतलं ठळक नाव. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचा अर्थ सोपा करून सांगितला, उत्तरांचा मसुदा तयार केला, आणि 'सेव्ह द इंटरनेट' या मोहिमेत एका बटणावर तो ट्रायला जाईल अशी सोय केली. मुंबईच्या विनोदी कलाकारांच्या एका चमूनं त्यावर चित्रफीत काढली आणि ती घराघरात पोचली. महिनाभरात दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले.

मग डिसेंबरात ट्रायनं दुसरा कागद काढला, फक्त वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगळे दर लावण्याच्या मुद्द्यावर. या वेळी फेसबुकनंही आपल्या कोट्यवधी सदस्यांना एका बटणावर ट्रायला पत्र पाठवायला सांगितलं. शिवाय २८ डिसेंबर २०१५ ला कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांचा लेख टाइम्स ऑफ इंडियात आला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. तो या योजनेतून पावसाचा अंदाज पाहतो, बाजारभाव पाहतो, आणि त्याचं भलं झालं तर इंटरनेटचं काय बिघडतं, असा लेखाचा रोख होता.

त्या शेतकऱ्याला फायदा झाला नसेल असं मी म्हणत नाही. श्रीरामपूरच्या बाजार समितीत माल नेणाऱ्याला आदल्या रात्री भाव कळले तर किती फरक पडतो, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. मला खटकतं ते वेगळं. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या प्रमुखानं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या नावानं इंग्रजी दैनिकात लेख लिहिला, आणि त्या वादात मराठी शेतकऱ्याचा स्वतःचा आवाज जवळपास कुठंच नव्हता. त्याला विचारलं असतं तर त्यानं कदाचित म्हटलं असतं, की फुकट द्यायचंच असेल तर महिन्याला थोडा डेटा फुकट द्या, काय पाहायचं ते मी ठरवीन. प्रतिनिधी नसला की ती जागा रिकामी राहत नाही. कुणीतरी आपल्या नावानं बोलतंच.

ट्रायनं इथं खंबीरपणा दाखवला. फेसबुकच्या बटणावरून आलेल्या लाखो पत्रांत ट्रायनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती, फक्त योजनेला पाठिंबा होता. प्राधिकरणानं कंपनीला कळवलं की हा कौल मोजण्याचा प्रकार नाही, विचारलेल्या प्रश्नांवर लोकांचं म्हणणं हवं आहे. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: कोणतं संकेतस्थळ पाहता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख दंड. फ्री बेसिक्स भारतात बंद पडलं. साध्या वापरणाऱ्यांनी एका देशाचा इंटरनेटचा नियम घडवल्याचं याहून ठसठशीत उदाहरण जगात फार नाही, आणि ते घडलं ते कुठल्याही निवडणुकीशिवाय.

सरकार आपल्या वतीनं बोलतं, मग आणखी प्रतिनिधी कशाला, असंही कुणी विचारेल. कधी कधी सरकार बोलतं आणि चांगलं बोलतं. २०१२ मध्ये नव्या नावांसाठी जगभरातून अर्ज आले. त्यात मुंबईच्या रिलायन्स इंडस्ट्रीजनं डॉट इंडियन्स मागितलं होतं, आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीनं आपल्या ट्रकच्या नावावरून डॉट राम मागितलं होतं. भारत सरकारनं आयकॅनमधल्या सरकारांच्या गटातून दोन्हींवर आक्षेप घेतला आणि ते अर्ज पुढं गेले नाहीत. तुमच्या गावाच्या नावातच राम आहे, तेव्हा हा आक्षेप तुम्हाला पटेल. पण सरकार सगळ्याच बाबतींत वापरणाऱ्याचं हित आधी पाहील असं धरता येत नाही, कारण सरकार स्वतःही या खेळातला एक मोठा भिडू आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे मसुदा नियम जानेवारी २०२५ मध्ये आले, तेव्हा केंद्रीय मंत्रालयानं लोकांच्या सूचना मागवल्या खऱ्या, पण आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत, असंही त्याच वेळी सांगितलं. ट्राय आलेली मतं प्रसिद्ध करतं, त्यांवर प्रतिमतंही मागवतं. आयकॅनही प्रसिद्ध करतं. कुणी काय म्हटलं हे दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर आपलं म्हणणं कुणाच्या म्हणण्यापुढं मागं पडलं हे कधीच कळत नाही.

एक उदाहरण मुद्दाम मराठीचं देतो, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. २७ ऑगस्ट २०१४ ला डॉट भारत हे देवनागरीतलं नाव सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या आठ भाषांसाठी. म्हणजे दुकानाचा पत्ता संपूर्ण मराठी अक्षरांत घेता येतो. पण देवनागरीतली कोणती अक्षरं आणि कोणती जोडाक्षरं जगाच्या मूळ यादीतल्या नावांत चालतील, याचे नियम वेगळे ठरवावे लागतात. दोन सारखी दिसणारी नावं दोघांना दिली तर फसवणुकीला वाट मिळते. हे नियम आयकॅनच्या कचेरीत बसून कुणी अधिकाऱ्यानं लिहिले नाहीत. नव-ब्राह्मी गट नावाच्या स्वयंसेवकांच्या समितीनं नऊ भारतीय लिप्यांसाठी ते तयार केले. अजय डाटा, उदय नारायण सिंह आणि पुण्याच्या सी-डॅकमधले महेश कुलकर्णी हे तिचे सहअध्यक्ष होते. २०१९ मध्ये देवनागरीचे नियम मूळ यादीच्या नियमावलीत दाखल झाले.

आता बारकावा पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक तर पंगतीला बसलेल्या पोरालाही कळतो. हा वाकडा, पापणीसारखा र हिंदीला लागतच नाही. संगणकात तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालावं लागतं, आणि ते जोडचिन्ह मूळ यादीतल्या नावांत चालत नाही. दुसरी रीत नुक्त्याच्या ऱ वरून जाते. देवनागरीचे नियम हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिले असते तर हा ऱ अनावश्यक म्हणून गळला असता, आणि 'शेतकऱ्यांचे' हा साधा शब्दही तिथं नीट लिहिता आला नसता. तो गळला नाही, कारण मराठी-कोकणी-नेपाळी जाणणारी माणसं त्या खोलीत होती आणि त्यांनी त्याची सोय मांडली. इथं मत कुणी कुणाला दिलं नव्हतं. ज्याला तो र लागतो असा माणूस हजर होता, एवढंच.

काम मात्र अर्धवट आहे. मराठी अक्षरांतला पत्ता किंवा ईमेल घेता येतो, पण कित्येक अर्जांत तो टाकला की 'चुकीचा ईमेल' असा लाल अक्षरांत शेरा येतो. अर्ज बनवणाऱ्यानं इंग्रजी अक्षरांखेरीज काही येईल असा विचारच केलेला नसतो. ही अडचण दूर करण्यासाठी २०१५ मध्ये जागतिक पातळीवर एक गट स्थापन झाला, आणि २८ मार्च २०२३ ला या विषयाचा पहिला जागतिक दिवस साजरा झाला तेव्हा मुख्य कार्यक्रम नवी दिल्लीला होता. पण कोणता अर्ज अडतो, कुठल्या पायरीला अडतो, हे दिल्लीत बसलेल्याला कळत नाही. ते तुमच्यासारख्या दिवसभर अर्ज भरणाऱ्याला कळतं.

तेव्हा तुम्हाला काय करता येईल, ते सांगतो. अपरालोमध्ये संघटनांबरोबर एकट्या माणसालाही सभासद होता येतं. सोसायटीचा ठराव लागत नाही आणि त्याला फी नाही. इंग्रजीची अडचण वाटली तर गावातल्या महाविद्यालयातल्या संगणकाच्या विद्यार्थ्याला सोबत घ्या, त्यालाही शिकायला मिळेल. आयकॅनच्या बैठका दुरून ऐकता येतात आणि प्रश्न लिहून विचारता येतात. तेही जमत नसेल तर ट्रायकडून सुरुवात करा, तिथला कागद आपल्या रोजच्या जगण्याच्या जवळचा असतो.

लिहिताना 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहू नका. पहिलं पत्र या तऱ्हेचं करा: अमुक अर्जात, अमुक रकान्यात, मराठी ईमेल टाकला असता अमुक संदेश आला. पडद्याचं छायाचित्र जोडा, तारीख घाला, आणि किती गिऱ्हाइकांना अडलं तेही लिहा. दुसरं पत्र त्या अर्जाच्या कचेरीला, आणि पहिल्या पत्राची प्रत त्याला जोडून. पहिल्या अर्जाबद्दल उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या अर्जाबद्दल पाठवा. तुमच्या दुकानात अशा नोंदींची वही महिन्याभरात भरेल. ती भरली की मला कळवा, पुढच्या सदरात त्यातल्या निवडक नोंदी छापू, गिऱ्हाइकांची नावं वगळून.